पेंढी गेली, तर देवी बसणार कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पश्चिमेला सुंडा लोकांची वस्ती आहे. त्यांची भाताची देवी म्हणजे न्यी पोहाची सांगह्यांग अस्री. या 'अस्री'त आपलीच 'श्री' आहे. सुगीनंतर तिला कोठारात बसवायचा सोहळा म्हणजे सेरेन ताउन. सेरेन म्हणजे सुपूर्द करणं आणि ताउन म्हणजे वर्ष.

पर्यटक आणि त्यांच्यासाठीचे मांडव आले आणि या विधीचं पावित्र्य गेलं, असं म्हटलं जातं. पण ते पावित्र्य कशात आहे, ते कापणीत कळतं. जुना भात उंच, पाच-सहा महिन्यांचा, दाणा लोंबीला घट्ट धरून असणारा. तळहातात लपेल एवढ्याशा पात्यानं, म्हणजे एतेमनं, एकेक लोंबी खुडायची; उघडं पातं पाहून देवी बिचकते, अशी श्रद्धा. लोंब्यांच्या पेंढ्या बांधायच्या, बांबूच्या मांडवावर वाळवायच्या आणि रेंगकोंग नावाच्या कावडीनं लेउइतपर्यंत, म्हणजे खांबांवरच्या कोठारापर्यंत न्यायच्या. पेंढ्यांच्या भारानं दोर बांबूवर घासतो आणि कावड घुमू लागते. मिरवणुकीसाठी हलक्या पेंढ्या टांगल्या, तर दोर सैल पडतो आणि कावड मुकी होते.

1960 च्या दशकात भाताचं उत्पादन वाढवण्यासाठी सरकारी बिमास योजना आली, पाठोपाठ बुटके, सुमारे चार महिन्यांत पिकणारे वाण आले. त्यांचा दाणा लवकर झडतो. म्हणून विळ्यानं कापायचं, शेतातच झोडायचं, पोत्यात भरायचं आणि गिरणीत न्यायचं. पोट भरलं, हे खरंच. त्याला नावं ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण पेंढी संपली, कोठार ओस पडलं. पर्यटक आणि त्यांचे मांडव नंतर आले. माझ्या मते पावित्र्याला तडा गेला तो इथे.

कुनिंगानजवळच्या चिगुगुर गावात हा सोहळा 1982 मध्ये बंद पाडला गेला आणि 1999 मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे रायागुंग महिन्याच्या 22 तारखेला 22 क्विंटल भात लागतो: 20 क्विंटल कांडून वाटायचा, 2 क्विंटल बियाण्यासाठी राखायचा. रायागुंग हा चांद्रमास, त्यामुळे तिथी दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकते आणि सुगीशी तिचा मेळ बसेलच असं नाही. म्हणून सालासकटचा भात आधीच राखून ठेवावा लागतो. गिरणीचा तांदूळ उखळात घातला, तर मुसळांचा ताल तेवढा ऐकू येईल, कांडण होणार नाही.

सुकाबुमी जिल्ह्यातल्या, डोंगरातल्या चिप्तागेलार गावच्या लोकांनी वेगळी रेघ आखली आहे. ओढ्यावरची वीज चालते, स्वतःचं रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रही चालतं. पण भात विकायचा नाही, पीक वर्षातून एकच घ्यायचं आणि भाताची साल काढायला यंत्र वापरायचं नाही; बाया लिसुंगात, म्हणजे लाकडी उखळात, कांडतात. सोहळ्यात 'सी जिमात' या सामाईक कोठारात पेंढ्या ठेवल्या जातात, आणि त्या त्याच वर्षाच्या, खऱ्याखुऱ्या पेंढ्या असतात.

पुढच्या वर्षाची पेरणी तारे ठरवतात. केर्ती, म्हणजे आपली कृत्तिका, दिसली की अवजारं काढायची. किदांग दिसला की शेतात उतरायचं. किदांग म्हणजे हरीण, आपल्या मृगाचाच तारकासमूह. खाली सपाटीवर, वर्षाला दोन-तीन पिकं घेणाऱ्या शेतांत मात्र पेरणीचा दिवस कालव्याला पाणी कधी सुटतं त्यावर ठरतो.