शाशी : बाजाराचं गाव

(दृश्य : डोंगरांनी वेढलेलं खोरं, भाताची खाचरं, मधून वळणं घेत जाणारी नदी.)

चीनच्या नैऋत्येला युन्नान प्रांत आहे. त्याच्या वायव्य भागात, सुमारे 2100 मीटर उंचीवर, शाशीचं हे खोरं. नदीचं नाव हेइहुई. इथले बहुतेक लोक बाय समाजाचे. चीनमध्ये बहुसंख्य असलेल्या हान लोकांपेक्षा यांची भाषा वेगळी, पेहराव वेगळा, आणि देव तर गावागणिक वेगळे. प्रत्येक गावाचं आपलं ग्रामदैवत.

शाशी वाढलं ते बाजारावर. दक्षिण युन्नानच्या डोंगरांतला चहा घोड्या-खेचरांच्या पाठीवरून तिबेटकडे जायचा, तिकडून घोडे खाली यायचे. शाशीच्या आसपास खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. ते पाणी आटवून केलेलं मीठही याच वाटेला लागायचं. तांडे गावात मुक्काम करत, माल उतरवत, सौदे करत.

(दृश्य : सिदेंग चौक. तांबूस दगडाची फरशी, दोन जुने वृक्ष.)

हा सिदेंग चौक. एका अंगाला शिंगच्याओ मंदिर, मिंग राजवटीतलं, 1415 सालचं. बरोबर समोर नाटकाचा मंच, उडत्या कोपऱ्यांच्या छपराचा. मंच मंदिराकडे तोंड करून आहे, कारण नाटक आधी देवासाठी, मग माणसांसाठी. चौकाभोवती तांड्यांच्या सराया : पुढे दुकान, वर निजायची खोली, मागे तबेला. पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडलं की युजिन पूल लागतो, एकाच कमानीचा दगडी.

मोटाररस्ते झाले आणि तांडे थांबले. चौक ओस पडला, लाकूड कुजू लागलं. 2001 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 2002 सालासाठीची धोक्यातल्या शंभर वास्तूंची यादी जाहीर केली, त्यात शाशीचा हा बाजारचौक होता. मग झ्युरिकचं स्विस तंत्रज्ञान विद्यापीठ आणि जियानचुआन परगण्याचं प्रशासन यांनी मिळून दुरुस्ती हाती घेतली.

या दुरुस्तीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुनं पाडून नव्याने 'जुन्यासारखं' बांधायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. जो वासा टिकेल तो ठेवायचा, जेवढा कुजलाय तेवढाच बदलायचा. आज चौकात उभं राहिलं की लाकडात काळा आणि फिकट असे दोन रंग दिसतात, कुठेही लपवलेले नाहीत. आणि मंदिराच्या कामाबरोबर सांडपाण्याची सोयही झाली, कारण घरांत माणसं राहणार होती.

(दृश्य : लीच्यांगच्या गल्ल्या, दुतर्फा दुकानं, गर्दी.)

इथून उत्तरेला, मोटारीने दोनेक तासांवर लीच्यांग आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये तिथे मोठा भूकंप झाला, 1997 मध्ये जुनं शहर जागतिक वारशात गेलं, आणि पाठोपाठ पर्यटकांचा लोंढा आला. घराचं भाडं इतकं मिळू लागलं की मूळच्या नाशी समाजाच्या कुटुंबांनी घरं बाहेरच्या व्यापाऱ्यांना दिली आणि ती नव्या वस्तीत राहायला गेली. त्यांना दोष देता येत नाही, कुणीही हेच केलं असतं. पण कालव्याकाठी भाजी धुणारी, अंगणात गप्पा मारणारी माणसं तिथून गेली. दक्षिणेला दालीजवळचं अरहाई सरोवर पाहा. काठावर एवढी अतिथिगृहं आणि खानावळी उभ्या राहिल्या की पाणी बिघडलं, आणि 2017 मध्ये प्रशासनाला त्या मोठ्या संख्येने बंद कराव्या लागल्या.

म्हणूनच शाशीला जाताना आपण किती जण जातो, हा प्रश्न मला सोयीचा वाटत नाही, नीतीचा वाटतो.

चाळीस जणांची बस आली की चौकात दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही. ती बस दीड तास थांबते, फोटो होतात, एखादी वस्तू घेतली जाते आणि मुक्काम दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात पडतो. आठ-दहा जणांचा गट मात्र जुन्या सराईत उतरू शकतो. वाटाड्या गावातलाच घेता येतो, आणि तो बाय भाषेत बोलतो म्हणून दारं उघडतात. जियानचुआनचं लाकूडकाम चीनभर नावाजलेलं आहे. कोरीवकाम करणाऱ्याच्या पडवीत दहा जण बसू शकतात आणि तो आपलं काम न थांबवता दाखवू शकतो.

(दृश्य : घरातली चूल, कढई, टोपलीभर रानटी अळंबी.)

जेवणाचंही तसंच. इथे बऱ्याच भाज्या डुकराच्या चरबीत परततात. आपल्यातला कुणी शाकाहारी असेल, तर घरच्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशी सांगून ठेवता येतं : तेल वापरा, मटणाचं पाणी नको. पावसाळ्यात रानातली अळंबी मिळते, एरवी बटाटे, वाल, पालेभाज्या. आणि रूशान चाखाच. गाईचं दूध आंबट पाण्याने फाडून, त्याचे पातळ पापुद्रे ओढून, काठ्यांवर वाळवतात, मग भाजतात किंवा तळतात. हान लोकांच्या जेवणात चीज फारसं नाही, बाय लोकांकडे ते घरोघर आहे.

(पडदा काळा. फक्त पावलांचा आणि पाखरांचा आवाज.)

गावापासून जवळच्या डोंगरात शिचोंगशानची लेणी आहेत. इथे कॅमेरा आम्ही बंद ठेवला, कारण माणसं पूजेला येतात. नानचाव आणि त्यानंतरच्या दाली राज्याच्या काळात, नवव्या ते बाराव्या शतकांत कोरलेली ही शिल्पं. बुद्ध आणि बोधिसत्त्व आहेतच, त्यांच्याबरोबर नानचावचे राजेही दरबार भरवून बसलेले आहेत. एका लेण्यात, बुद्धमूर्तींच्या मधोमध, स्त्रीच्या योनीचं शिल्प आहे. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका त्याला तेल लावतात. त्या तेलाने दगड काळा, तुळतुळीत झालाय. तेरची लज्जागौरी पाहिलेल्या मराठी माणसाला इथे कुणी काही समजावून सांगावं लागणार नाही. तिथे हसू नये, बोट दाखवू नये, आणि एखादी बाई पूजा करत असेल तर बाहेर थांबावं. दहा जणांना हे सांगता येतं.

परतताना गाडी नको. डोंगरावरून पायवाट खाली शाशीत उतरते, पाईनच्या झाडांतून.

(दृश्य : बाजार. टोपल्या, कोंबड्या, औषधी मुळ्या, शेतीची अवजारं.)

शुक्रवारी शाशीचा आठवडी बाजार असतो. तो जुन्या चौकाबाहेर भरतो आणि पर्यटकांसाठी भरत नाही. वरच्या डोंगरांतून यी समाजाच्या बायका उतरतात, रुंद काळी शिरोभूषणं आणि रंगीत घेरदार झगे घालून. प्लास्टिकच्या बादल्या, बियाणं, पिल्लं, मुळ्या, चपला, सगळं मिळतं. आपण वाटेतून बाजूला उभं राहावं, विचारून फोटो काढावा, आणि काहीतरी विकत घ्यावं : अक्रोड घ्या, सुकी अळंबी घ्या.

चिनी पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यातल्या अष्टमीला येणारांचं भाग्य मोठं. त्या दिवशी सिद्धार्थ राजपुत्राची मूर्ती गावातून मिरवतात. कपिलवस्तू सोडून निघालेला तो राजपुत्र इथे दरवर्षी गावकऱ्यांच्या खांद्यावरून वेशी हिंडतो.

हे सगळं असंच राहील, अशी खात्री नाही. 2023 च्या सुरुवातीला दाली परिसरात चित्रित झालेली एक मालिका चीनभर गाजली आणि शाशीतही गर्दी वाढली. चौकालगतची कॉफीची दुकानं आणि अतिथिगृहं बरीचशी बाहेरून आलेल्यांची आहेत. काहींनी जुनी घरं मनापासून जपली, हेही खरं. म्हणून मुक्काम ठरवताना मालक कोण, कामाला कोण, हे आधी विचारा. चांगला आयोजक याचं उत्तर लगेच देतो.

(दृश्य : नकाशा. कोलकाता, ग्वांगचौ, कुनमिंग, दाली, शाशी.)

भारत आणि चीनमधली थेट विमानं 2020 पासून बंद होती. ऑक्टोबर 2025 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पहिलं कोलकात्याहून ग्वांगचौला. कुनमिंगहून दालीला वेगवान रेल्वेने दोनेक तास लागतात, पुढे रस्त्याने शाशी. बुधवारी पोचा. गुरुवारी लेणी आणि डोंगर. शुक्रवारी सकाळी बाजार. आणि शनिवारपर्यंत थांबा, म्हणजे दोन रात्रींऐवजी तीन रात्रींचं भाडं सराईवाल्याच्या हाती पडेल.