बसमध्ये सात जण

[दृश्य: पहिलीचा वर्ग. फळ्यावर बसचं चित्र.]

बसमध्ये सात जण आहेत. थांब्यावर तीन उतरले, पाच चढले. आता किती?

नेदरलँड्समधल्या मुलांना हा प्रश्न जुना. पूर्वी बाई खडूनं बस काढायच्या, आता ती ‘डिजिबोर्ड’वर येते. इंटरॅक्टिव्ह फळ्याला तिथे सगळे असंच म्हणतात. मूल पुढे येतं, बोटानं तिघांना बाहेर ओढतं, पाच जणांना आत बसवतं आणि लिहितं.

[फळ्यावर: 7 − 3 = 4 + 5 = 9]

उत्तर बरोबर, लिहिणं चूक. सातातून तीन गेले तर नऊ कसे उरतील? आपल्याकडच्या वह्यांतही ही चूक सर्रास सापडते. यावर तिथला तोडगा साधा आहे: बरोबरच्या चिन्हाऐवजी बाण. सातपासून निघालेला बाण, त्याच्यावर ‘वजा तीन’, टोकाशी चार. चारपासून दुसरा बाण, त्याच्यावर ‘अधिक पाच’, टोकाशी नऊ. थांब्यावर काय घडलं, ते बाण सांगतो.

[दृश्य: उट्रेख्त. कालवा, सायकली.]

या विचाराचे जनक हान्स फ्रॉइडेन्थाल. जन्म जर्मनीतला, 1905 चा. पुढे उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापक. 1971 मध्ये त्यांनी शालेय गणितासाठी संस्था उभारली, ती आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. गणित ही माणसानं करायची कृती आहे, तयार माल नव्हे, हे त्यांचं म्हणणं.

पद्धतीचं नाव ‘वास्तववादी गणित’. हे नाव जरा फसवं आहे. त्यामागच्या डच क्रियापदात ‘मनात उभं करणं’ हा अर्थ आहे. म्हणजे उदाहरण बाजारहाटाचंच हवं असं नाही, गोष्टीतला राक्षसही चालेल. ‘ड्रायव्हरला धरायचं का?’ असं विचारणाऱ्या मुलाला बस दिसलेली असते.

[फळ्यावर: रिकामी आडवी रेघ]

आता 62 वजा 38. एक मुलगी 62 वरून एकदम 40 मागे उडी घेते, 22 वर पोचते, दोन जास्त गेले म्हणून दोन पुढे येते. चोवीस. दुसरा मुलगा 38 वरून 62 कडे निघतो: दोन, वीस, दोन. त्याचेही चोवीस. दोन रंगांत, एकाखाली एक, दोन्ही वाटा फळ्यावर राहतात, आणि कालचं पान आज पुन्हा उघडता येतं. डिजिबोर्डाची खरी कमाई ही. नुसता सिनेमाचा पडदाच करायचा असेल, तर खडू परवडला.

गंमत म्हणजे डच लोकही 24 ला ‘चार आणि वीस’ म्हणतात. आपल्या चोवीससारखं, एकक आधी. मग ऐकून 42 लिहिणारी पोरं तिकडेही आहेतच. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसला ‘वीस तीन’ म्हणायची वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! रेघेवर हा वाद उरत नाही. आधी वीसची उडी, मग चारची.

[दृश्य: पेन मुलीच्या हातात. ती शून्यावर उभी.]