इंजेक्शन लागू पडेल का? डोके-मान कर्करोग आणि अंदाजाचे शास्त्र

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, कर्करोगाच्या ओपीडीत हल्ली नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, ते इम्युनोथेरपीचे इंजेक्शन आमच्या वडिलांना लागू पडेल का?’ या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न मिसळलेले असतात. रोग आपल्या गतीने कुठवर जाईल हा एक आणि अमुक औषधाने त्यात फरक पडेल का हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या खुणांवरून मिळतात.

पहिल्याचे उत्तर बरेचसे पॅथॉलॉजीच्या अहवालातच असते. तोंडाच्या कर्करोगात गाठ किती खोल रुतली आहे, मानेतल्या किती लसिका-गाठींत रोग पोचला आहे आणि तो त्या लसिका-गाठीचे आवरण फोडून बाहेर आला आहे का, यांवर पुढचे बरेच अवलंबून असते. घशाच्या मागच्या भागातील कर्करोगात एचपीव्ही विषाणूची खूणही महत्त्वाची ठरते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, विषाणूशी निगडित रोग असलेल्यांपैकी सुमारे 82 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, इतरांत हे प्रमाण 57 टक्के होते. हे आकडे वाचून कुणी हुरळून जाऊ नये. निपाणीची तंबाखू चुन्यात मळून गालात धरणाऱ्या आपल्या भागात गाल, हिरडी आणि जिभेचे रोगीच अधिक दिसतात, आणि त्यांना तो हिशेब लागू होत नाही.

आता औषधाकडे वळू. आपल्या प्रतिकारपेशींवर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो, कर्करोगाच्या पेशी पीडी-एल1 या प्रथिनाने तो दाबून धरतात आणि इम्युनोथेरपीचे औषध तो सोडवते. ब्रेक सापडल्याबद्दल तासुकू होन्जो यांना 2018 चे नोबेल जेम्स अॅलिसन यांच्यासोबत मिळाले. हे प्रथिन किती आहे हे सीपीएस या गुणांकाने मोजतात. रंगवलेल्या स्लाइडवर पॅथॉलॉजिस्ट पीडी-एल1 दाखवणाऱ्या कर्करोगपेशी आणि लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी मोजतात, त्या बेरजेला एकूण जिवंत कर्करोगपेशींनी भागतात आणि शंभराने गुणतात. शंभर कर्करोगपेशींपैकी बारा रंगल्या आणि आजूबाजूच्या दहा प्रतिकारपेशीही रंगल्या, तर गुणांक 22. तुकड्यात निदान शंभर जिवंत कर्करोगपेशी हव्यात. बायोप्सीचा तुकडा अगदीच चिमुकला असला की इथेच अडचण होते, म्हणून जुन्या शस्त्रक्रियेचा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) जपून ठेवायला मी प्रत्येकाला सांगतो.

या गुणांकाचे वजन 2019 च्या कीनोट-048 या चाचणीने ठरवले. परतलेल्या किंवा पसरलेल्या रोगात, सीपीएस 20 किंवा अधिक असलेल्यांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध एकटे दिल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 14.9 महिने भरले, तर सेटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधासह केमोथेरपी घेणाऱ्यांचे 10.7. परंतु गाठ आकसण्याचे प्रमाण मात्र केमोच्या गटातच जास्त होते : 36 टक्के, आणि इम्युनोथेरपीत 23. मग आयुष्य वाढले कसे? ज्यांची गाठ आकसली, त्यांच्यात हा परिणाम इम्युनोथेरपीत मध्यमतः वीस महिन्यांहून अधिक टिकला, केमोत जेमतेम चार. म्हणजे कमी जणांना लाभ होतो, पण ज्यांना होतो त्यांना दीर्घकाळ होतो. म्हणूनच श्वास किंवा गिळणे अडवणारी मोठी गाठ असेल, तर थांबायला वेळ नसतो आणि गुणांक भरपूर असूनही डॉक्टर जोडीला केमो देतात.

आणि वीसपेक्षा वरचा गुणांक म्हणजे हमी नव्हे, त्या गटातही चारांपैकी तिघांची गाठ ठरलेल्या प्रमाणात आकसली नाही. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत गुणांक वेगळा येऊ शकतो. संगणकाची मॉडेल जनुके, स्कॅन, स्लाइड सगळे एकत्र वाचू पाहत आहेत, पण जे मॉडेल परदेशी रुग्णांवर घडले ते इथल्या रुग्णांवर पारखून घेतल्याशिवाय त्याच्या टक्केवारीवर उपचार बेतू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला प्रश्न खर्चाचा. त्याचे एक उत्तर आपल्याच राज्यातून आले. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्याच औषधाची दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅमची मात्रा, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांना जोडली गेली. वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रा ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना या पर्यायाबद्दल जरूर विचारावे.