ताबोराचा सोन्याचा हत्ती

हा हत्ती पाहा. सोंड उंच, सुळे पुढे, मागे किलिमांजारोचा डोंगर. खाली साल: १९१६.

नाणं जर्मन साम्राज्याचं, पण बर्लिनच्या टांकसाळीतलं नव्हे. उलटवलं की गरुड दिसतो आणि त्याच्याखाली एक बारीक ‘टी’. टी म्हणजे ताबोरा, आजच्या टांझानियातलं रेल्वेचं गाव. किंमत वाचा: १५ रुपये. मार्क नव्हेत, रुपये! भारतीय व्यापाऱ्यांमुळे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपला रुपया इतका रुळला होता की जर्मनांनीही आपल्या वसाहतीत रुपयाच चालवला. १५ रुपये म्हणजे २० मार्क.

मग पहिलं महायुद्ध आलं. ब्रिटिश आरमाराने किनारा अडवला, जर्मनीहून नाणी येईनात. ताबोराच्या रेल्वे कारखान्यात आधी पितळेची हेलर नाणी, म्हणजे रुपयाची चिल्लर, पाडली गेली. मग सेकेन्के खाणीतलं सोनं आलं. त्यात चांदी आणि तांबं मिसळून केलेला कस आपल्या सोनाराच्या भाषेत १८ कॅरेट. सोनं वितळवायचं, पत्रा काढायचा, चकत्या कापायच्या, दोन साच्यांमध्ये ठेवून दाब द्यायचा. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या जागेत हे चाललं होतं! साचे एका सिंहली सोनाराने कोरले, असं संग्राहक सांगत आले आहेत. नाण्यावर सम्राटाचा गरुड आहे, कारागिराचं नाव नाही. हत्तीच्या कातडीवरच्या या रेघा जवळून बघा. माझ्या मते या नाण्याचं खरं मोल सोन्याहून त्या हातात आहे.

सप्टेंबर १९१६मध्ये बेल्जियन फौजांनी ताबोरा घेतलं. या युद्धात ओझी वाहता वाहता हजारो आफ्रिकी हमाल मेले.

ताबोरा पडेपर्यंत पाडून झाली होती १६,१९८ सोन्याची नाणी. प्रत्येकी सात ग्रॅमहून जरा जास्त. साचे हाताने कोरलेले, त्यामुळे गरुडाच्या बाजूचे दोन प्रकार झाले. उजवीकडच्या या वेलबुट्टीचं टोक पाहा. ‘ओस्टआफ्रिका’ (जर्मनमध्ये पूर्व आफ्रिका) या शब्दातल्या ‘टी’खाली ते संपतं, तर दुसऱ्या प्रकारात पहिल्या ‘ए’खाली. संग्राहक भिंग लावून आधी हेच टोक तपासतात, मग कड. कडेला कडी डाकल्याची खूण दिसली, तर ते नाणं कधीतरी गळ्यात होतं. घासून चकचकीत केलेलं नाणंही ते बाजूला ठेवतात, आणि बरोबरच करतात. घासण्यात पहिल्यांदा जातात त्या हत्तीच्या अंगावरच्या रेघा.