वीज गेल्यानंतरची पाच मिनिटं

[दृश्य : पावसाळी पहाट. पडवीत अंथरलेली चटई, चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेला मोबाइल.]

सकाळचे साडेसहा. गुहागर तालुक्यातली वाडी. ऑनलाइन व्यायामवर्ग सुरू आहे. पडद्यावरची प्रशिक्षिका म्हणते, "श्वास सोडत खाली…" आणि चित्र थिजतं. वीज गेली, राउटर बंद पडला.

पैसे भरलेला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा भरेल का, ते बऱ्याचदा इथून पुढच्या पाच मिनिटांवर ठरतं.

ऑनलाइन सेवेचा दर्जा मोजण्यासाठी परसुरामन, झाइथमल आणि मल्होत्रा या संशोधकांनी २००५ मध्ये २२ विधानांची मोजपट्टी मांडली; प्रत्येक विधान कितपत पटतं, ते ग्राहक सांगतो. काम चटकन होतं का, कबूल केलेलं मिळतं का, यंत्रणा चालू असते का, खासगी माहिती सांभाळली जाते का, हे त्यात पाहतात. तिच्या जोडीला ११ विधानांची धाकटी पट्टी आहे. कोकणात खरी कामाची तीच : बिघाडानंतर दाद लागते का, भरपाई मिळते का, फोनवर माणूस भेटतो का.

[दृश्य : राउटर, शेजारी छोटा यूपीएस.]

आधी घरची बाजू. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी, मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. फायबर इंटरनेटची तार जोडतात तो डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे हटकून विसरलं जातं. मोबाइल डेटावर वर्ग करायचा तर सेकंदाला ६०० किलोबिटचा व्हिडिओ तासाला सुमारे २७० एमबी खातो, जाता-येता दोन्ही धरून ५४०. दिवसाच्या दीड जीबीत बसतं. पण वीज फार वेळ गेली की टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात.

मोबाइल कमरेच्या उंचीवर, सात-आठ फुटांवर ठेवा. दाराकडे पाठ केली की प्रशिक्षिकेला नुसती काळी आकृती दिसते. उठाबशांना कॅमेऱ्याकडे कूस करा. पाठीचा बाक समोरून कळत नाही.

आता सेवेची बाजू. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला की संवाद अडखळतो. म्हणून "आता खाली" हे हालचालीच्या थोडं आधीच म्हणायला हवं.

[दृश्य : लावणीचं शेत.]

जुलैत दिवसभर वाकून लावणी केलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा पुढे वाकायला लावणारा व्यायामाचा तक्ता कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असो, तिच्यासाठी तो चुकीचाच. आहाराचंही तेच. घरात पेज, कुळथाची पिठी, बांगडा; यादीत ओट्स आणि ब्रोकोली. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की नवं तंत्र माणूस उपयोग आणि सोपेपणा पाहून स्वीकारतो. इथे उपयोगच पटत नाही.

शिमगा आणि गणपती या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. तेव्हा सभासदत्व पंधरा दिवस थांबवता आलं पाहिजे. ती सोय नसली की लोक थांबवत नाहीत, सरळ सोडतात. त्यातून 'बंद करा'चं बटण लपवलेलं असेल तर शेजारणीलाही सांगतात, नको घेऊस.

आणि वीज गेली तर? तक्रार येण्याआधी निरोप जावा, तोही माणसाने लिहिलेला. 'आपली नोंद घेतली आहे' हे यंत्राचं वाक्य आलं नाही तरी चालेल.

[दृश्य : वीज येते. मोबाइलवर संदेश उमटतो.]

"ताई, आजचा वर्ग मोजलेला नाही. साडेसातला पुन्हा आहे. जमेल?"