विश्वास वाढला का, ते ताटावर कळतं

प्रभूमध्ये सलाम, श्रोतेहो. कुणाची जेवणं चालली असतील, कुणाचं आवरून झालं असेल, चालू द्या तुमचं, आजचा विषय तसा जेवणाचाच आहे.

आपल्याकडे अमुक एक जण विश्वासात खूप वाढलाय असं कधी म्हणतात? तर तो उपास धरतो, पहाटे उठून प्रार्थना करतो, बायबलची वचनं तोंडपाठ आहेत, आणि साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायला, उभा राहिला की अर्धा तास काही खाली बसत नाही. मी नावं ठेवत नाहीये हं, म्हणजे त्या अर्ध्या तासाला थोडी ठेवतो, बाकी चांगलंच आहे. पण बायबल उघडून बघितलं तर येशूचा शिष्य पेत्र, त्याच्यासारख्या माणसाची परीक्षा यातल्या कशातच झाली नाही, ती झाली ताटावर, आणि एकदा नाही, दोनदा.

पहिली वेळ 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात. पेत्र यापो नावाच्या गावी शिमोन नावाच्या चांभाराकडे उतरलाय, दुपारी बाराच्या सुमाराला घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, प्रार्थनेला गेला, पोटात भूक, खाली जेवणाची तयारी चाललीय, आणि त्याला दिसतं काय तर आकाशातून मोठ्या चादरीसारखं काहीतरी खाली येतंय, त्यात नाही नाही ते प्राणी, आणि वाणी होते की ऊठ, मारून खा. पेत्र म्हणतो, नको नको प्रभू, असलं निषिद्ध मी कधी खाल्लेलं नाही. असं तीनदा झालं! आता गंमत बघा, कातडी कमावणाऱ्याचं घर म्हणजे कर्मठ यहुद्याला विटाळच, तिथं हा मुक्कामाला राहिलाय, तेवढं सुटलं होतं, पण खाण्यावर येऊन गाडी अडली. मग कैसरियाहून कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्याची, माणसं आली, पेत्र त्या परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, माणसाच्या घरी गेला, तिथं पवित्र आत्मा उतरला, बाप्तिस्मे झाले, आणि यरुशलेमला परत आल्यावर लोकांनी त्याला धरलं की तू असल्यांच्या घरी जाऊन जेवलासच कसा. पेत्रानं सगळं नीट समजावून सांगितलं, तेव्हा कुठं ते गप्प झाले.

आपल्याला वाटतं, झालं, सुटला तो प्रश्न. आता प्रेषित पौलानं लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. अंत्युखिया शहरात हाच पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर रोज जेवत होता, आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आल्यावर हळूच बाजूला सरकला. घाबरला, दुसरं काही नाही. त्याच्यामागं बाकीचे यहुदी सरकले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा गेला वाहवत. पौलानं सगळ्यांदेखत तोंडावर विचारलं की हे काय चाललंय तुझं.

मला हा अध्याय फार धीर देतो खरं सांगायचं तर. ज्याला धाब्यावर दर्शन झालं, तोही काही वर्षांनी लोक काय म्हणतील म्हणून मागं आला, म्हणजे विश्वासातली वाढ ही एकदा चढलो की चढलो अशी नसते.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घ्या, लक्ष्मीबाई टिळक. स्मृतिचित्रे वाचलं असेल तर आठवेल, त्यांच्या माहेरी वडिलांचं सोवळं एवढं कडक की मीठसुद्धा धुवून घ्यायचं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा अशा घरातून आलेल्या बाईवर काय कोसळलं असेल विचार करा, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, पुढं नवऱ्याकडं आल्या तरी सुरुवातीला स्वयंपाकपाणी वेगळंच. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं, आपण घरातल्या माणसाला दोन महिन्यांत बदलायला निघतो. त्यांच्या मनात जातीचा विचार हळूहळू उलगडत गेला, दुसऱ्याच्या हातचं पाणी चालायला लागलं, सोवळं आधी सुटलं आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. म्हणजे पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घालायच्या आधी देवानं त्यांच्या स्वयंपाकघरात काम सुरू केलं होतं.

मग आपल्या घरात बघू या का जरा? भिंतीवर वचनाची पाटी आहे, कॅलेंडर आहे, आणि ओट्याच्या कोपऱ्यात कान तुटलेला एक कप आहे, तो भांडी घासणाऱ्या मावशींचा, त्या तो स्वतः धुतात आणि पालथा घालून जातात. कुणी मुद्दाम अपमान करायला ठेवलेला नसतो, सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलंय एवढंच. तसंच मुलीसाठी स्थळ आलं की मुलगा चर्चला जातो का याच्या आधी ते मूळचे कोणत्या जातीचे हे दबक्या आवाजात विचारलं जातं, आणि विचारणारे साक्ष देणारेच असतात बरं का. पेत्राची अंत्युखियातली भीती हीच, चार लोक आले की आपण सरकतो.

पुढं पेत्राचं काय झालं? त्याच्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय वाचा. ज्या पौलानं त्याला चारचौघांत सुनावलं, त्याचा उल्लेख तो 'आपला प्रिय बंधू' असा करतो, वर म्हणतो की त्याच्या पत्रात काही गोष्टी समजायला कठीण आहेत, (हेही किती मोकळेपणानं!) आणि मग दोनच ओळींनंतर सांगतो की प्रभूच्या कृपेत आणि ज्ञानात वाढत जा. आपल्याला मंडळीत कुणी चूक दाखवली तर पुढचे सहा रविवार आपण दुसऱ्या चर्चला जातो.

तर या आठवड्यात प्रेषितांचा दहावा आणि गलतीकरांचा दुसरा, हे दोन अध्याय पाठोपाठ वाचा, घरात मोठ्यानं वाचलेत तर आणखी चांगलं, मुलं प्रश्न विचारतील, विचारू द्या. आणि उद्या मावशी आल्या की त्यांना आपल्या सेटमधल्या कपात चहा द्या, टेबलाशी बसवून. पहिल्या दिवशी त्याच अवघडतील, नको म्हणतील, तरी द्या.