गोधडीतून वाहणारी उष्णता: जॉन नॅश यांनी 1958 साली काय सिद्ध केलं

नमस्कार मंडळी. लोखंडाची एक लांब सळई घ्या. मधे एका ठिकाणी बर्नरची ज्योत धरून ती जागा लालबुंद करा आणि ज्योत बाजूला घ्या. त्या क्षणी सळईच्या तापमानाचा आलेख काढला तर मधे एक उभा सुळका दिसेल आणि दोन्ही बाजूंना सपाट रेषा.

[पडद्यावर: सुळक्याचा आलेख, मग पसरत जाणारा]

आता घड्याळ चालू करा. सेकंदाचा हजारावा भाग जाऊ द्या, नाहीतर दशलक्षावा. गणित सांगतं की तेवढ्यात आलेखावरचा प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक तुटलेली जागा नाहीशी झालेली असते. सुळका अजून उंचच असेल, पण तो गुळगुळीत झालेला असतो. ज्या समीकरणांमधून हा गुण येतो त्यांना पॅराबोलिक समीकरणं म्हणतात. आज मला एकाच प्रश्नामागे जायचं आहे: हा गुळगुळीतपणा नेमका येतो कुठून? लोखंड सगळीकडे सारखं आहे म्हणून येतो, की पदार्थ कितीही ओबडधोबड असला तरी येतोच?

आधी समीकरण काय म्हणतं ते बघू. पदार्थातला प्रत्येक बिंदू आपल्या शेजारच्या बिंदूंच्या तापमानाची सरासरी बघतो. सरासरी आपल्यापेक्षा जास्त असेल तर तो तापतो, कमी असेल तर निवतो, आणि फरक जितका मोठा तितका हा बदल वेगाने होतो. बस, एवढंच. जोसेफ फूरिये यांनी हे 1807 साली पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडलं. तेव्हा ते ग्रनोब्लचे प्रीफेक्ट होते, म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघता बघता हे काम चाललं होतं. लाग्रांजसारख्या दिग्गजाने त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि पूर्ण ग्रंथ छापून यायला 1822 साल उजाडलं. पाण्यात पसरणारी शाई असो, परागकणांची ब्राउनियन हालचाल असो किंवा शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढणारं 1973 सालचं ब्लॅक-शोल्स समीकरण, सगळी याच घराण्यातली.

या समीकरणाच्या दोन सवयी लक्षात ठेवा, पुढे त्या लागणार आहेत.

पहिली म्हणजे उष्णतेचं अंतर आणि वेळ यांचं नातं सरळ नाही. दुप्पट लांब पोचायला चौपट वेळ लागतो, दहापट लांब पोचायला शंभरपट. या विषयात काम करणारा माणूस अंतराला वेळेच्या वर्गमुळाशी तोलूनच विचार करतो.

दुसरी सवय अशी की गाडी उलटी चालत नाही. तापमानातली लहर जितकी बारीक तितकी ती झपाट्याने विरते. लहर दहापट बारीक केली तर विरण्याचा दर शंभरपट होतो. आता हेच उलट्या दिशेने करून बघा. आजचं तापमान मोजून कालचं काढायला गेलात, तर मोजमापातली नखाएवढी चूकसुद्धा त्याच दराने फुगत जाते आणि उत्तराला काही अर्थच राहत नाही. इतर अनेक समीकरणांना काळाची दिशा कळत नाही. न्यूटनच्या नियमांनी फिरणारा ग्रह मागे नेला तरी गणित चालतं. उष्णतेचं मात्र पुढेच चालतं. मला स्वतःला या विषयाचं सगळं सौंदर्य इथे आहे असं वाटतं.

[पडद्यावर: सळई, तापवलेल्या जागेपासून 1 मीटर]

इथे कोणी हुशार विद्यार्थी हात वर करतो: सर, शेजारी शेजाऱ्याला तापवत जातो, तर मग 1 मीटरवरच्या बिंदूला ही बातमी कळते कधी? समीकरणाचं उत्तर आहे: लगेच. वेग अमर्याद. हे ऐकून लोक नाराज होतात, पण बातमी किती पोचली हेही विचारायला हवं. लोखंडासाठी आकडे घालून बघू या. 1 सेकंदात 1 मीटरवर पोचणारा हिस्सा लिहायला बसलात तर दशांशचिन्हानंतर साडेचार हजारांहून जास्त शून्यं लिहावी लागतील. तो हिस्सा धन आहे, शून्य नाही, पण जगातल्या कुठल्याही उपकरणाला तो दिसणार नाही.

आणि त्या शून्यांमध्येही माहिती दडलेली असते. चेन्नईत जन्मलेले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले आणि पुढे न्यूयॉर्कला गेलेले श्रीनिवास वरदन यांनी 1967 साली दाखवलं की अगदी थोड्या वेळात पोचलेल्या त्या कणभर उष्णतेचा लॉगरिदम घेतला तर त्यातून दोन बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग बाहेर पडतो. वाहकता, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची पदार्थाची क्षमता, जागोजाग बदलत असली तरीही, फक्त अंतर मोजायची फूटपट्टी त्या वाहकतेनुसार बदलते. वक्र पृष्ठभागावर सर्वांत जवळचा रस्ता उष्णतेच्या मदतीने शोधायची एक पद्धत 2013 साली संगणकीय चित्रणात आली, ती याच सूत्रावर उभी आहे. वरदन यांना 2007 सालचा आबेल पुरस्कार मिळाला, गणितातल्या सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक. हे नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरांना माहीत असायला हवं.

पण वरदन यांच्या सूत्रात वाहकता बदलते ती बेताने, नीट वागून. आता नीट न वागणारा पदार्थ घेऊ.

आजीची गोधडी आठवा. कुठे जाड लुगड्याचा तुकडा, कुठे विरलेलं धोतर, शिवणीवर एकदम सगळं बदलतं. पदार्थ असा समजा: इथे तांबं, अर्ध्या मिलिमीटरवर काच, मग परत तांबं, आणि हे तुकडे कितीही बारीक, कितीही वेडेवाकडे. एकच अट, की वाहकता कुठेही ठरावीक किमान आकड्याच्या खाली जात नाही आणि ठरावीक कमाल आकड्याच्या वर जात नाही. बाकी काही माहीत नाही. प्रश्न: अशा पदार्थात तापमान निदान संतत, म्हणजे न तुटता बदलत जाणारं, तरी असेल का? की शिवणींच्या त्या गर्दीत कुठेतरी ते एकदम उडी मारेल?

हा प्रश्न कोणाच्या हौसेतून आलेला नाही. अरेषीय समीकरणांमध्ये वाहकता स्वतः तापमानावर अवलंबून असते, आणि तापमान अजून आपल्याला माहीत नसतं. म्हणजे जे शोधायचं आहे तेच समीकरणाच्या सहगुणकांत, वाहकतेच्या आकड्यांत, बसलेलं. सुरुवातीला त्याच्याविषयी दोन मर्यादांपलीकडे काहीच हाती नसतं. तिथून एक पायरी वर चढता आली, संततपणा मिळाला, की पुढच्या पायऱ्या आधीपासून बांधून ठेवलेल्या होत्या. अडलं होतं ते पहिल्या पायरीवर.

1956-57 मध्ये जॉन नॅश एमआयटीतून रजेवर होते आणि त्यांचा बराच वेळ न्यूयॉर्कच्या त्या संस्थेत जायचा जी आज कुरांट इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. बहुतेक लोकांना नॅश माहीत असतात ते गेम थिअरीमुळे आणि 1994 सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलमुळे. गणितज्ञांना विचाराल तर ते बऱ्याचदा या पुढच्या कामाचं नाव आधी घेतील. तिथलेच गणितज्ञ लुई निरेनबर्ग यांनी त्यांना हा गोधडीचा प्रश्न सुचवला, आणि नॅश त्याच्या मागे लागले.

[पडद्यावर: दोन टेकड्यांसारखे आलेख, एकमेकांवर सरकणारे]

त्यांनी काय केलं ते मी थोडं सावकाश सांगतो, कारण ही सिद्धता कानांनी ऐकून समजण्यासारखी आहे. एका बिंदूत ठरावीक उष्णता सोडा. पहिली पायरी: तिचं शिखर किती लवकर खाली येतं? नॅश यांनी एक असमानता सिद्ध केली, आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यातून निघतं की तीन मितींत वेळ चौपट झाली की शिखराची कमाल मर्यादा आठव्या हिश्शावर येते. गोधडी कशी शिवली आहे याने त्यात फरक पडत नाही, फक्त वाहकतेची मर्यादा लागते.

दुसरी पायरी: उष्णता सरासरी किती लांब जाते? शिखर बसलं म्हणजे ती पसरली, पण फार दूर पळाली तर नाही ना? इथे नॅश यांनी एंट्रॉपी आत आणली, भौतिकशास्त्रातली ती अस्ताव्यस्तपणा मोजणारी राशी. एंट्रॉपी आणि सरासरी अंतर यांना एकमेकांशी बांधून त्यांनी दाखवलं की सरासरी अंतर वेळेच्या वर्गमुळाइतकंच राहतं, खालूनही आणि वरूनही. ती पहिली सवय गोधडीतही टिकली!

तिसरी पायरी मला सगळ्यांत आवडते. एखाद्या बिंदूचं आत्ताचं तापमान म्हणजे सुरुवातीच्या सगळ्या तापमानांची एक वजनदार सरासरी. आता जवळजवळचे दोन बिंदू घ्या. दोघांची वजनं टेकड्यांसारखी पसरलेली, आणि दोन्ही टेकड्यांचा काही ठरावीक हिस्सा एकमेकांवर येतोच, हे नॅश यांनी सिद्ध केलं. जिथे वजनं सामाईक आहेत तिथला हिस्सा दोघांच्या तापमानात सारखाच, म्हणून वजाबाकीत तो उडून जातो. बिंदू आणखी जवळ आणा, पुन्हा ठरावीक हिस्सा उडतो. असं करत करत फरक शून्याकडे जातो. तापमान संतत आहे!

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गुळगुळीतपणाचं मूळ लोखंडाच्या एकजिनसीपणात नाही, सरासरी काढण्याच्या त्या साध्या क्रियेत आहे. अर्थात गोधडीत आलेख लोखंडाइतका तलम होत नाही, तांबं आणि काच जिथे भेटतात तिथे उतार बदलणारच. पण उडी नाही.

नॅश यांचा निबंध 1958 साली अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये आला. त्याआधीच, 1957 साली, इटलीत एन्नियो दे जॉर्जी यांनी काळ नसलेल्या, म्हणजे स्थिर अवस्थेच्या समीकरणासाठी हाच निष्कर्ष पूर्णपणे वेगळ्या वाटेने सिद्ध केला होता. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती. जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांनी 1900 साली न सुटलेल्या प्रश्नांची यादी दिली होती, तिच्यातला 19 वा प्रश्न या कामाने सुटला.

पुढची काही वर्षं या विषयासाठी सोन्याची होती. 1964 साली युर्गन मोझर यांनी धन तापमानांसाठी एक असमानता दिली: आधीच्या वेळचं कमाल तापमान नंतरच्या वेळच्या किमान तापमानाच्या ठरावीक पटीत बसतं. मधे थोडा वेळ जाऊ द्यावाच लागतो, कारण आत्ताच पेटलेल्या ठिणगीची बातमी शेजारी पुरेशी पोचलेली नसते. 1967 साली डोनाल्ड अरॉन्सन यांनी दाखवलं की गोधडीतली उष्णता दोन साध्या, एकजिनसी पदार्थांतल्या उष्णतेच्या मधे पकडता येते. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये ओल्गा लादिझेन्स्काया यांनी दोन सहकाऱ्यांसोबत लिहिलेला पॅराबोलिक समीकरणांवरचा जाडजूड ग्रंथ आला. आणि 1986 साली फेब्स आणि स्ट्रूक यांनी नॅश यांच्याच जुन्या कल्पनांतून मोझर यांची असमानता परत सिद्ध केली. अठ्ठावीस वर्षांनी लोक त्या निबंधाकडे परतले, कारण त्यात अजून जीव होता.

नॅश आणि निरेनबर्ग यांना 2015 सालचा आबेल पुरस्कार विभागून मिळाला. 19 मे रोजी ओस्लोत समारंभ झाला. 23 मे रोजी विमानतळावरून घरी जाताना न्यू जर्सीत टॅक्सीच्या अपघातात नॅश आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिशिया दोघेही गेले.

हे सगळं चालतं ते एका अज्ञात राशीसाठी. एकमेकांत गुंतलेल्या अनेक राशी असल्या की हे हत्यार हातातून निसटतं. दे जॉर्जी यांनीच 1968 साली अशा प्रणालीचं, म्हणजे गुंतलेल्या समीकरणांच्या संचाचं, उदाहरण दिलं जिथे उत्तर संतत राहत नाही. आणि पाण्याच्या प्रवाहाची नेव्हिए-स्टोक्स समीकरणं अशीच आहेत: वेगाचे तीन घटक, त्यांच्यासोबत दाब. चिकटपणामुळे गुळगुळीत करण्याचं बळ त्यांत आहे, पण प्रवाह स्वतःलाच ओढून नेतो आणि ते बळ पुरतं की नाही हे तीन मितींत कोणी सिद्ध केलेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने 2000 साली त्यावर 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं. आजवर सर्वांत खोल गेलेल्या निकालांपैकी एक 1982 सालचा आहे, कॅफरेली, कोन आणि निरेनबर्ग यांचा. होय, नॅश यांना प्रश्न सुचवणारे तेच निरेनबर्ग. तो निकाल सांगतो की त्यांनी घेतलेल्या योग्य अशा उत्तरांमध्ये बिघाडाच्या जागा, म्हणजे जिथे गुळगुळीतपणा तुटतो अशा जागा, असल्याच, तर त्या इतक्या विरळ असतील की अवकाश आणि काळ मिळून त्यांची साधी एक वक्र रेषासुद्धा भरणार नाही. आणि त्या जागा मोजायला त्यांनी वापरलेली फूटपट्टी तीच, वेळेच्या वर्गमुळाला अंतर धरणारी.